किनवटची विधानसभा कुठं भरते?

प्रश्न : लडाखच्या बातम्या वाचताना ‘सहावी अनुसूची’ हा शब्द सारखा येतो. आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरममध्ये आदिवासींच्या स्वतःच्या परिषदा आहेत आणि त्यांना कायदेही करता येतात, असं अभ्यासात वाचलं. माझं गाव किनवट तालुक्यात. सध्या संभाजीनगरात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आमच्या भागात गोंड, कोलाम, आंध सगळे आहेत. मग आमची अशी विधानसभा का नाही? की आहे आणि आम्हालाच कुणी सांगितलं नाही? कन्नड-सोयगावकडच्या माझ्या मित्रांचं काय?
— एक विद्यार्थी, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : विधानसभा नाही. पण ‘आम्हालाच कुणी सांगितलं नाही’ ही तुमची शंका अगदीच खोटी नाही. तुमच्या तालुक्यासाठी राज्यघटनेनं एक परिषद नेमून दिली आहे. ती बसते मुंबईत, आणि किनवटच्या बाजारात तिचं नाव निघालेलं तुम्ही बहुधा कधी ऐकलं नसेल. तिला जनजाती सल्लागार परिषद म्हणतात.

त्यातला ‘सल्लागार’ हा शब्द सावकाश वाचा. सगळी गोष्ट तिथंच अडकली आहे.

घटनेच्या २४४व्या कलमातून दोन वाटा फुटतात. पहिली पाचव्या अनुसूचीकडे जाते, दुसरी सहावीकडे. परीक्षेत ‘जोड्या लावा’मध्ये हे तुम्ही डोळे मिटून सोडवाल. सहाव्या अनुसूचीच्या वाटेवर आज दहा स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत : आसाममध्ये तीन, मेघालयात तीन, मिझोरममध्ये तीन आणि त्रिपुरात एक. आपल्या जिल्हा परिषदेशी यांचं साम्य नावापुरतंच. जमीन, राखीव नसलेलं जंगल, पाणी, फिरती शेती, गावपरिषदा, वारसा, लग्न, रूढी, सावकारी या विषयांवर त्या स्वतः कायदे करतात. राज्यपालांची संमती लागते, पण मसुदा त्यांचा असतो. गावची न्यायालयं चालवणं, महसूल आणि काही कर गोळा करणं, खनिजांच्या स्वामित्वधनात वाटा घेणं, हेही त्यांच्याकडे. साधारणपणे तीस सदस्यांची मर्यादा, त्यातले चारपर्यंत राज्यपाल नेमणार, बाकीचे निवडून येणार. आसाममधल्या बोडोलँडची परिषद त्याहून मोठी, ४६ जणांची.

महाराष्ट्र पाचव्या अनुसूचीच्या वाटेवर. इथं आधी ‘अनुसूचित क्षेत्र’ जाहीर होतं आणि त्या क्षेत्रापुरता राज्यपालांना एक विलक्षण अधिकार मिळतो. संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा इथं लागू नाही, किंवा अमुक बदलांसह लागू आहे, असं ते अधिसूचना काढून सांगू शकतात. जमीन आणि सावकारीसारख्या बाबतींत विनियमही करू शकतात, मात्र त्याआधी जनजाती सल्लागार परिषदेला विचारावं लागतं आणि राष्ट्रपतींची मान्यता घ्यावी लागते. विचारावं लागतं, ऐकावंच लागतं असं कुठं लिहिलेलं नाही. परिषदेत जास्तीत जास्त वीस सदस्य, त्यातले शक्यतो तीन-चतुर्थांश विधानसभेतले अनुसूचित जमातींचे प्रतिनिधी. आपल्याकडे तिचे अध्यक्ष असतात मुख्यमंत्री. म्हणजे सरकारला सल्ला देणाऱ्या परिषदेच्या खुर्चीवर सरकारच बसलेलं.

आता कागद-पेन्सिल घ्या. विधानसभेच्या २८८ पैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. अक्कलकुव्यापासून मोजायला लागा : शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री, शिरपूर, चोपडा, खाली उतरून बागलाण, कळवण, दिंडोरी, इगतपुरी, अकोले, घाट उतरलात की डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, भिवंडी ग्रामीण, शहापूर, मग पूर्वेला मेळघाट, राळेगाव, आर्णी, आमगाव, आरमोरी, गडचिरोली आणि शेवटी अहेरी. पंचवीस झाल्या. मराठवाड्याच्या ४६ जागांपैकी यात एकही आली नाही. किनवटचा मतदारसंघही खुला आहे. तिथून आदिवासी उमेदवार उभा राहू शकतो, जिंकूही शकतो. पण हक्काची जागा ती नव्हे. सल्लागार परिषद मुख्यतः आमदारांतून भरते आणि आदिवासींसाठी राखून ठेवलेला आमदार मराठवाड्याला नाही. किनवटचं नाव परिषदेच्या टेबलावर कितीदा येत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

हा ‘सल्ला’ मुळात इतका दुबळा ठेवायचा नव्हता. संविधान सभेनं १९४७ मध्ये दोन उपसमित्या नेमल्या होत्या : आसामसाठी गोपीनाथ बार्दोलोई यांची आणि बाकीच्या प्रांतांसाठी ठक्करबाप्पांची. १९४८च्या मसुद्यात पाचव्या अनुसूचीला बऱ्यापैकी धार होती. लग्न, वारसा, रूढी, जमीन, गावकारभार या विषयांवरचा एखादा कायदा आमच्याकडे नको असा सल्ला परिषदेनं दिला, तर राज्यपालांना तो मानणं भाग होतं. ५ सप्टेंबर १९४९ रोजी सुधारित मसुदा सभेपुढे आला तेव्हा ती सक्ती निघून गेली होती. सभेतले आदिवासी सदस्य जयपाल सिंग मुंडा यांनी याबद्दल नापसंती बोलून दाखवली. (हेच जयपाल सिंग १९२८च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये आपल्या हॉकी संघाचे कर्णधार होते. सामान्य ज्ञानाच्या पेपरात हा प्रश्न हटकून येतो, सल्लागार परिषदेचा येत नाही.)

मग आसामला एक न्याय आणि आपल्याला दुसरा, असं का? याचं उत्तर डॉ. आंबेडकरांनी त्याच आठवड्यात सभेत दिलं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, इतर प्रांतांतले आदिवासी आजूबाजूच्या बहुसंख्य समाजात बरेच मिसळले आहेत, तर आसामच्या डोंगरातल्या लोकांची मुळं अजून त्यांच्या स्वतःच्याच संस्कृतीत आहेत. त्यांची तुलना त्यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांशी केली. पुढे दोन वर्षांनी, १ सप्टेंबर १९५१ रोजी, ज्यांच्या अध्यक्षतेखाली ही चर्चा झाली ते राजेंद्रप्रसाद आणि आंबेडकर आपल्या नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाच्या कोनशिलेसाठी एकत्र आले होते. तुमच्या खोलीपासून ती जागा पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

आंबेडकरांचा तो युक्तिवाद मला अर्धाच पटतो. मिसळण्याची गोष्ट खरी आहे. किनवटच्या एकेका गावात गोंडांच्या शेजारी बंजारा, मराठा, मुसलमान, बौद्ध अशी घरं आहेत. जिल्हाभर एक आदिवासी परिषद नेमली तर बाकीच्यांचं काय, हा प्रश्न बोडोलँडमध्ये आजही धुमसतो, कारण तिथं बोडो नसलेल्यांची वस्ती मोठी आहे. शिवाय दिल्लीच्या मनात आणखी एक हिशेब असणारच : मिझो टेकड्यांना १९५२ मध्ये जिल्हा परिषद मिळाली आणि १९८७ मध्ये तिथं स्वतंत्र राज्य उभं राहिलं. पण मिसळलेल्या माणसाची जमीन जात नाही, असं थोडंच आहे? ती उलट लवकर जाते, कारण घेणारा शेजारीच असतो.

आणि तुमच्या तालुक्याच्या बाबतीत तर इतिहासही जरा वेगळा निघतो. १९५६ पर्यंत किनवट नांदेड जिल्ह्यात नव्हतं. ते हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्य पुनर्रचनेत किनवट नांदेडला आलं आणि राजुरा पुढे १९५९ मध्ये चांद्याला गेलं. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात आसिफाबादच्या जंगलात कुमराम भीम हा गोंड नेता उभा राहिला. वनखात्यानं आणि सावकारांनी गोंडांना त्यांच्याच जमिनीवरून हुसकायला सुरुवात केली होती. भीमाचं मागणं बारा गावांचा कारभार गोंडांच्या हाती देण्याचं होतं, असं सांगतात. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या.

त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये जाऊन नेमकं काय बिघडलं ते पाहायला सांगितलं गेलं. हा माणूस मार्लवाईला गोंडांत राहिला, त्यांच्यासाठी शाळा सुरू केली आणि पुढे संस्थानाचा आदिवासीविषयक सल्लागार झाला. या सगळ्यातून फसली १३५६ मध्ये, म्हणजे १९४६च्या सुमारास, हैदराबादचा आदिवासी क्षेत्र विनियम निघाला. त्यात काही भाग आदिवासी क्षेत्र म्हणून वेगळे काढून तिथं आदिवासी पंचायती नेमण्याची सोय होती. भारतात विलीन झाल्यावर डिसेंबर १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हैदराबादमधली अनुसूचित क्षेत्रं जाहीर झाली, आणि महाराष्ट्रातल्या क्षेत्रांची आजची यादी २ डिसेंबर १९८५च्या आदेशाची आहे. तीत मराठवाड्याचा फक्त एक कोपरा आहे : तेव्हाच्या किनवट तालुक्याचा काही भाग. त्या तालुक्यातून पुढे माहूर वेगळा झाला. म्हणजे तुमच्या भागाला आज जे थोडं घटनात्मक संरक्षण आहे, त्याच्या मुळाशी गेलात तर जोडेघाटची गोळी सापडते.

आता कन्नड आणि सोयगावच्या मित्रांचं. त्यांच्याकडे भिल्ल आहेत, ठाकर आहेत, डोंगरही आहे. पण अनुसूचित क्षेत्र नाही. त्यामुळे पाचवी अनुसूची नाही आणि पुढं सांगतो तो पेसाही नाही. २००६चा वनहक्क कायदा मात्र देशभर आहे, तो त्यांनाही लागू. मित्रांना एवढं सांगा की दावा ग्रामसभेतून सुरू होतो, वनखात्याच्या दारातून नव्हे.

पेसा म्हणजे १९९६चा पंचायत (अनुसूचित क्षेत्रांपर्यंत विस्तार) कायदा. ७३व्या घटनादुरुस्तीनं देशभर पंचायत राज आलं तेव्हा अनुसूचित क्षेत्रं मुद्दाम बाहेर ठेवली होती. ती आत कशी घ्यायची हे ठरवायला खासदार दिलीपसिंह भुरिया यांची समिती बसली आणि २४ डिसेंबर १९९६ पासून पेसा लागू झाला. सगळे त्यातल्या ग्रामसभेबद्दल बोलतात, मी तुम्हाला चौथ्या कलमाचं अगदी शेवटचं पोटकलम वाचायला सांगतो. अनुसूचित क्षेत्रांत जिल्हा पातळीवरची प्रशासकीय रचना करताना राज्य विधिमंडळानं सहाव्या अनुसूचीचा नमुना गिरवण्याचा प्रयत्न करावा, असं त्यात म्हटलं आहे. तुमच्या प्रश्नातली विधानसभा इथं, या एका ओळीत, कायद्यानं कबूल केलेली आहे. ‘प्रयत्न करावा’ या दोन शब्दांनी ती लटकवून ठेवली. महाराष्ट्रानं पेसाचे नियम केले ४ मार्च २०१४ रोजी, कायद्यानंतर सतरा वर्षांनी, आणि तेही गावापुरते. राज्याचा वरचा मजला आहे, गावाचा तळमजला आहे, जिल्ह्याचा मधला मजला बांधलाच नाही. मधे नुसता जिना आहे, आणि त्यावर अर्ज घेऊन माणसं चढ-उतार करतात.

तळमजला मात्र कुणाला वाटतो तितका लहान नाही. २०१४च्या नियमांनी पाड्याला किंवा वस्तीलाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता घेता येते. महसुली गावाच्या नावाखाली दबून राहायचं कारण नाही. गौण वनोपज, गौण खनिजं, पाणी, दारूचं दुकान, सावकारी, बाजार यांत ग्रामसभेचं चालतं. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे जातो आणि तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते.

हे कागदावरचं नाही याचा पुरावा गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात आहे, मेंढा (लेखा) या गोंड गावात. पेसाच्या कितीतरी आधीपासून तिथं ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत सगळे निर्णय सर्वसहमतीनं होतात. देवाजी तोफा हे त्या चळवळीतलं ठळक नाव. बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलतात. आपल्या विधिमंडळाला हे जमवायला सांगितलं तर अधिवेशन संपायचंच नाही! २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं. सुमारे १,८०९ हेक्टर जंगल गावाच्या नावावर आलं. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हातात राहिला. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्याची पुस्तकं ग्रामसभेच्या हाती दिली गेली. विकायचा हक्क गावाचा आणि न्यायची चिठ्ठी दुसऱ्याची, हा खेळ नावाच्या अधिकारात आणि खऱ्या अधिकारात किती फरक असतो ते दाखवतो.

मधला मजला नसल्यानं भरतीही वरूनच ठरते, आणि त्याचा परिणाम तुम्हाला, नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्याला, आधीच भोवला आहे. जून २०१४ मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून अधिसूचना काढली की तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांसारखी पदं पेसा क्षेत्रात स्थानिक आदिवासींमधूनच भरायची. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आंध्र प्रदेशातल्या शिक्षकभरतीच्या खटल्यात शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवलं आणि राज्यपालांच्या या अधिकारालाही मर्यादा आहेत असं सांगितलं. त्याची सावली आपल्या पेसा भरतीवर पडली, निवडून आलेली मुलं नेमणुकीच्या वाटेकडे डोळे लावून बसली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काही आदिवासी लोकप्रतिनिधींसह मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून खालच्या संरक्षक जाळीवर उडी घेतली. पेसा भरती ही त्यांची एक मागणी होती. धनगरांना अनुसूचित जमातीत घेऊ नये ही दुसरी. दुसऱ्या मागणीबद्दल मतभेद असतील, असोत. पण राज्याच्या विधानसभेत उपाध्यक्षाच्या खुर्चीवर बसणारा आदिवासी आमदार आपलं म्हणणं ऐकवायला जाळीवर उडी मारतो, तेव्हा सल्लागार परिषदेच्या सल्ल्याचं वजन किती हे वेगळं मोजायची गरज उरत नाही.

बाहेरच्या देशांत तरी असं काही सुखानं नांदतंय का? नॉर्वेत सामी लोकांची स्वतःची संसद १९८९ पासून आहे, ३९ सदस्यांची, काराशोक या गावात. तिला कायदे करता येत नाहीत, पण तिचं म्हणणं डावलून पुढे जाणं सरकारला दरवर्षी थोडं अवघड होत गेलं. इंडोनेशियानं २००१च्या विशेष स्वायत्तता कायद्यानं पापुआ प्रांतासाठी मूळ पापुअन लोकांचीच एक सभा निर्माण केली. तिच्यात रूढीचे जाणते, धर्मसंस्था आणि स्त्रिया अशा तीन बाजूंचे प्रतिनिधी बसतात. स्त्रियांसाठी अशी वेगळी बाजू राखण्याची कल्पना मला आवडली. पण २०२१ मध्ये जकार्तानं तो कायदाच बदलला आणि २०२२ मध्ये प्रांताचे तुकडे केले. ज्यानं दिलं तोच एका कायद्यानं परत घेऊ शकतो, हा या सगळ्या रचनांचा जुना आजार आहे.

तो आजार ओळखायला मराठवाड्यानं पापुआपर्यंत जायला नको. घटनेच्या ३७१(२) कलमान्वये, राज्यपालांच्या विशेष जबाबदारीखाली, १९९४ मध्ये मराठवाडा वैधानिक विकास मंडळ याच शहरात सुरू झालं होतं. अनुशेष मोजायचा, अहवाल द्यायचा. ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. आदिवासी नसलेल्या मराठवाड्यालाही ‘सल्लागार’ या शब्दाची चव माहीत आहे.

या शहराचा तुमच्या प्रश्नाशी आणखी एक संबंध आहे आणि तो मला बोचतो. उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाच्या हद्दीत मराठवाड्याबरोबर नंदुरबार, धुळे, जळगाव आणि नगरही येतात. सातपुड्यातल्या अक्राणीच्या माणसाला जमिनीचा खटला वर न्यायचा तर इथं यावं लागतं. तुमच्याकडच्या जमातीच्या दाखल्याची तपासणीही इथंच. किनवटच्या नावानं चालणाऱ्या तपासणी समितीच्या नावापुढे निकालपत्रांत ‘मुख्यालय औरंगाबाद’ असं लिहिलेलं आढळतं. म्हणजे आदिवासी माणूस या शहरात येतो तो कारभार करायला नव्हे. आपण आदिवासी आहोत हे सिद्ध करायला येतो. नांदेडच्याही पलीकडून, रात्रीच्या गाडीनं.

तुम्ही अधिकारी व्हायचं म्हणता, व्हा. तोवर एक काम करा. पेसा क्षेत्रातल्या ग्रामसभेचं अध्यक्षपद सरपंचाकडे नसतं, उपसरपंचाकडे किंवा पंचायत सदस्याकडेही नसतं. जमलेल्या लोकांनी त्या सभेपुरता आपल्यातला एक आदिवासी माणूस, बाई किंवा पुरुष, अध्यक्ष म्हणून निवडायचा असतो. पुढच्या वेळी गावी गेलात की ग्रामसभेचं इतिवृत्ताचं रजिस्टर मागा. अध्यक्ष म्हणून खाली सही कोणाची आहे ते पाहा, आणि आम्हाला कळवा.